खेड्याला पाळक कसा मिळे?

अमेरिकेंतील प्रेस्बिटेरियन पंथाची पहिली प्रेस्बिटरी, म्हणजे पाळक व मंडळीचे वडील यांची सभा, १७०६ सालीं फिलाडेल्फिया येथें भरली. खेड्यांतील मंडळीवर पाळक लादावयाचा नाहीं, हा या पंथाचा दंडक. प्रेस्बिटरी नवशिक्षिताची परीक्षा घेऊन त्यास उपदेशाचा परवाना देई. मग तो पाळकाविना असलेल्या मंडळींपुढें प्रवचनें करी. ज्या मंडळीस तो पसंत पडे, ती वेतनाचें वचन देऊन त्यास पाचारण करी. त्यानंतरच त्याची दीक्षा व स्थापना होई.

अडचण होती ती माणसांची. पाळकास लॅटिन व ग्रीक अवगत असावें, असा आग्रह असे; परंतु केंटकी-टेनेसीकडील वस्ती विद्यालयांहून वेगानें वाढत होती. १८०० च्या सुमारास तेथें धर्मजागृतीची लाट उसळली, तेव्हां कंबरलंड प्रेस्बिटरीनें अल्पशिक्षित तरुणांसही परवाने दिले. वरिष्ठ सभेनें हरकत घेतली. त्यांत दैवनियतीच्या सिद्धांताचाही वाद मिसळला, आणि १८१० सालीं निराळा कंबरलंड पंथ उदयास आला. १८१२ सालीं प्रिन्स्टन येथें धर्मशिक्षणाचें विद्यालय निघालें खरें. पण विद्वत्ता राखावी तर खेडें पाळकावांचून राहतें आणि खेडें सांभाळावें तर विद्वत्तेस मुरड पडते, हा पेंच तेवढ्यानें सुटण्यासारखा नव्हता.