घरातली वडीलधारी माणसे गप्प का होतात?

दोन वर्षांपूर्वी अब्बांचा इंतकाल झाला. इद्दतीचे चार महिने दहा दिवस अम्मी गावच्या घरीच होत्या. त्या काळात घर भरलेले असायचे. नातलग बाया मुक्कामाला येत, शेजारणी दुपारी बसायला येत, तिलावत चाले. इद्दत संपली, पाहुणे परतले आणि आम्ही अम्मींना खाडीकाठच्या गावातून तालुक्याला आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो. "अम्मी, आता कशालाही हात लावायचा नाही. तुम्ही फक्त आराम करायचा," असे बजावून सांगितले. आपण त्यांची मोठी खिदमत करतो आहोत, असेच आम्हाला तेव्हा वाटत होते.

दोन-तीन महिन्यांत तक्रारी सुरू झाल्या. कधी गुडघे दुखत, कधी छातीत धडधड होई, कधी घास गिळवत नसे. ईसीजी काढला, रक्त तपासले. मधुमेह आणि रक्तदाब जुनेच होते, नवे काही निघाले नाही. "वयोमानाने होणारच," असे आम्ही एकमेकांना सांगू लागलो. रात्री तीनला त्यांच्या खोलीत दिवा दिसे. तहज्जुद पढत असतील म्हणून आम्हाला समाधान वाटे. एक दिवस आमची धाकटी म्हणाली, "दादी नमाज नाही पढत, नुसती खिडकीत बसून असते."

तरीही आम्हाला कळले नाही. कळले ते रमजानमध्ये. डॉक्टरांनी रोजे ठेवायला मनाई केली होती. अम्मी सकाळी आमच्यासमोर गोळ्या हातात घेत, नाश्त्याची बशी खोलीत नेत आणि गुपचूप रोजा ठेवत. नवव्या रोज्याला चक्कर येऊन त्या न्हाणीघरात पडल्या. हाड मोडले नाही, हे अल्लाहचे उपकार. उशीखाली आठवडाभराच्या गोळ्या सापडल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारले, "दिवसभरात यांच्याशी कोण काय बोलतं?" आम्ही आठवू लागलो. जेवलात का? गोळी घेतली का? काही हवंय का? या तीन प्रश्नांपलीकडे आम्हाला काही आठवेना. आम्ही शिक्षक आहोत. वर्गातल्या साठ मुलांत एखादे मूल दोन दिवस गप्प राहिले तर आमच्या लक्षात येते. घरातले माणूस आठ महिने गप्प होते, ते आमच्या लक्षात आले नाही.

म्हातारपण हे आजाराचे नाव नव्हे

अम्मींना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले तेव्हा आम्ही दचकलो. चार लोक काय म्हणतील, हा विचार आधी आला. तज्ज्ञांनी शांतपणे समजावले की हे वेड नाही, हे नैराश्य आहे, आणि उपचाराने माणूस बरा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सत्तरी ओलांडलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक आजार असतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठीपुढचे लोक दहा कोटींहून अधिक होते. म्हणजे ही गोष्ट एकट्या आमच्या घरची नाही.

वृद्धांमधले नैराश्य ओळखायला कठीण असते. तरुण माणूस "मन लागत नाही" असे म्हणू शकतो. आपल्या आईवडिलांच्या पिढीला तशी सवय नाही. त्यांचे दुःख शरीरातून बोलते. अंग दुखते, भूक जाते, पहाटे फार लवकर जाग येते, आवडीच्या गोष्टी नकोशा होतात. असे रोज, दोन आठवड्यांहून अधिक चालले तर डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि काही औषधे यांच्यामुळेही अशी लक्षणे दिसतात. म्हणून आधी साध्या तपासण्या आणि चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. नैराश्याच्या गोळीचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून ती बंद करू नये, आणि बरे वाटले म्हणूनही आपल्या मनाने सोडू नये.

कानांकडेही लक्ष द्यावे. अम्मींना एका कानाने फारच कमी ऐकू येत होते. पाचजण एकदम बोलत, त्यांना शब्द लागत नसत, पुन्हा विचारायची लाज वाटे, म्हणून त्या उठून खोलीत जात. आम्ही समजत होतो, त्यांना गोंगाट आवडत नाही. कमी ऐकू येण्याकडे दुर्लक्ष केल्यास पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. मशीन कानाला बसायला महिना लागला, पण नातवंडांचे बोलणे त्यांच्यापर्यंत पोहोचू लागले.

सब्र आणि उपचार

आमच्या घरात अम्मींच्या प्रत्येक तक्रारीवर एकच उत्तर होते, "सब्र करा, दुआ करा." दुआने अम्मींना आधार मिळतो, हे आम्ही रोज पाहतो. पण आजारावर उपचार करून घ्या, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांचीच शिकवण आहे. उदास माणसाला "तुमचा ईमान कमजोर झाला" असे सुचवणे म्हणजे त्याच्या दुःखावर अपराधाचे ओझे ठेवणे होय.

अम्मींच्या मनावर ते ओझे होतेच. आयुष्यात न सोडलेले रोजे आता सुटतात, म्हणजे अल्लाह आपल्यावर नाराज आहे, असे त्यांनी मनाशी धरले होते. आमचे समजावणे त्यांनी ऐकले नाही. शेवटी मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांना घरी बोलावले. ज्याने रोजे फर्ज केले त्यानेच सूरह बकराच्या १८४ व्या आयतीत फिद्याची सवलत दिली आहे, आणि ती सवलत घेणे हीसुद्धा फर्माबरदारीच आहे, हे त्यांनी सांगितले. अम्मींनी ते मान्य केले. फिद्याचे धान्य मात्र मीच मोजून देणार, असा आग्रह धरला. कित्येक महिन्यांनंतर त्यांनी प्रथमच काही मागितले होते.

सूरह बनी इस्राईलच्या २३ व्या आयतीत वृद्ध आईवडिलांना 'उफ्' सुद्धा म्हणू नये, त्यांच्याशी आदराने बोलावे, असा आदेश आहे. तिथे बोलण्यावर भर आहे. आम्ही 'उफ्' म्हटले नव्हते, पण बोललोही नव्हतो.

हातातले काम काढून घेऊ नये

पन्नास वर्षे घर चालवलेल्या बाईच्या हातून आम्ही सांडशी काढून घेतली होती. आता तांदळाच्या भाकरीचे पीठ अम्मी मळतात. गुडघ्यांमुळे उभे राहवत नाही, म्हणून ओट्याजवळ खुर्ची ठेवली. भाजी निवडणे, दूधवाल्याचा हिशेब आणि धाकटीचा कुरआनचा सबक त्यांच्याकडे आहे. ईदला शिरखुर्म्यात खारीक किती, हे त्याच ठरवतात.

कुवेतला असलेले आमचे भाऊ पूर्वी वेळ मिळेल तेव्हा फोन करून "तबियत कशी आहे?" विचारत. आता जुम्याच्या नमाजनंतर त्यांचा फोन ठरलेला असतो आणि ते अम्मींचा सल्ला मागतात. मुलीच्या स्थळाबद्दल, गावच्या घराच्या कौलांबद्दल. त्या एका फोनची वाट अम्मी गुरुवारपासून पाहतात.

महिन्यातून एकदा त्या गावी जातात. वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे, ६५ ते ७५ वर्षांच्या प्रवाशांना अर्धे तिकीट पडते. तिकिटाचे पैसे वाचतात हे खरे, पण अम्मींना त्याहून मोठी गोष्ट वाटते ती म्हणजे "मुलाकडे हात पसरायला लागत नाही." घर उघडून, पडवीत बसून, जुन्या मैत्रिणींशी बोलून त्या संध्याकाळी परततात.

या गोष्टींसाठी वेळ थांबत नाही

एक-दोन दिवसांतच वृद्ध माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागले, माणसे ओळखेनासे झाले, तर त्याला म्हातारचळ समजून घरी ठेवू नये. लघवीचा संसर्ग, शरीरातील पाणी किंवा सोडियम कमी होणे, अशी कारणे असू शकतात. त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

"अल्लाहने आता उचलावे," हे वाक्य आपल्या घरांतून सहज ऐकू येते. त्याबरोबर जेवण सुटले असेल, गोळ्या साठवल्या जात असतील, निरवानिरव सुरू असेल, तर जवळ बसून सरळ विचारावे, "मरणाचे विचार मनात येतात का?" विचारल्याने विचार वाढत नाहीत, मन हलके होते. मग माणसाला एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्यावे. 'टेलिमानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालते.

काही घरांत उदासीचे कारण वेगळे असते. मुलगा बोलत नाही, खर्चाला देत नाही, घर नावावर करून घेतल्यावर आईबाप नकोसे झाले आहेत. अशा ठिकाणी गोळी पुरत नाही. २००७ च्या कायद्याखाली कोणत्याही धर्माचे ज्येष्ठ नागरिक प्रांताधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात निर्वाहखर्चासाठी अर्ज करू शकतात. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळण्याची तरतूदही त्यात आहे.

अम्मी पूर्वीसारख्या झाल्या, असे आम्ही म्हणणार नाही. असरच्या वेळी अब्बांच्या चहाची आठवण येते आणि डोळे भरतात. तेव्हा आम्ही "रडू नका" म्हणत नाही. चहा ठेवतो आणि विचारतो, "अम्मी, अब्बा साखर किती घेत होते?" मग अम्मी सांगू लागतात, आणि मगरिबची अजान होईपर्यंत सांगत राहतात.

वाचकहो, आज रात्री घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ पंधरा मिनिटे बसा. गोळीचे विचारू नका. दुसरे काहीही विचारा.