जुना सिंथेसायझर आणि किनाऱ्याची हवा

अलिबाग, रेवदंडा, मुरूड या पट्ट्यातील घरांना वाद्याचे आजारपण नवीन नाही. पावसाळ्यात हार्मोनियमच्या पट्ट्या फुगून अडकतात, पितळी सुरांवर हिरवट थर चढतो आणि ऐन पूजेच्या वेळी एखादा स्वर मुका होतो. मात्र घरातील एखाद्या मुलाने चाळीस वर्षांपूर्वीचा ॲनालॉग सिंथेसायझर कुणाकडून स्वस्तात आणला, तर त्याचे काय करावे हे सांगणारे वडीलधारे सहसा घरात नसतात.

या यंत्रात नाद आकड्यांतून नव्हे, तर विजेच्या दाबाच्या चढउतारातून घडतो. अनेक यंत्रांत दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक वर जातो. म्हणूनच तापमान बदलले तरी ते बेसूर होते. आणि म्हणूनच त्याचा आवाज जिवंत वाटतो, असे त्याचे चाहते म्हणतात.

आपल्या देशात या वाद्याचा इतिहास वाटतो तितका अलीकडचा नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर उभारला. ती संस्था घडवणाऱ्या गौतम व गीरा साराभाई यांच्या भगिनी गीताबेन पखवाज शिकलेल्या होत्या. त्यांनीही त्या यंत्रावर रचना केल्या. मुंबईत केरसी लॉर्ड यांनी मिनीमूगचा आवाज हिंदी चित्रपटसंगीतात आणला. १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी तीन रोलँड यंत्रांवर दहा राग ध्वनिमुद्रित केले. त्या तबकडीकडे तेव्हा फारसे कुणी वळले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशांतील श्रोते चकित झाले. तेव्हा भंगाराच्या भावाने आलेले यंत्र भंगारच असेल, असे नाही.

पहिली गोष्ट ही की, घरी आणताच प्लग लावू नये. मागील पट्टीवरील व्होल्टेज वाचावे. जपानमध्ये विकले गेलेले यंत्र १०० व्होल्टचे, अमेरिकेतले सुमारे १२० व्होल्टचे असते. आपल्या २३० व्होल्टवर ते थेट लावले, तर ट्रान्सफॉर्मर क्षणात जळू शकतो. त्यासाठी योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

दुसरी गोष्ट अधिक कपटी आहे. १९८१ चा कोर्ग पॉलीसिक्स घ्या. त्यातील ३२ आवाज लक्षात ठेवण्यासाठी मुख्य सर्किट बोर्डावरच एक निकेल-कॅडमियम बॅटरी बसवलेली असते. वर्षानुवर्षांनी ती पाझरते आणि तिचा क्षार तांब्याच्या बारीक रेषा खात जातो. बाहेरून यंत्र लखलखीत दिसते, आत मात्र स्मृती आणि नियंत्रण दोन्ही मेलेली असतात. खाऱ्या, दमट हवेत हे काम अधिकच जोमाने चालते. म्हणून सौदा पक्का करण्यापूर्वीच झाकण उघडून दाखवण्याचा आग्रह धरावा. विकणारा कुरकुरला, तरी धरावा. हिरवा-निळा डाग दिसला, तर बॅटरी काढून टाकणे हे पहिले काम. पुढे जागा पांढऱ्या व्हिनेगरने हलकेच पुसून क्षार शमवतात, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतात आणि तुटलेल्या रेषा बारीक तारेने जोडतात. त्या जागी लिथियमचा सेल बसवायचा, तर त्याला चार्जिंग पोहोचू नये म्हणून डायोड घालावाच लागतो. हे विसरणारा कारागीर आपल्या यंत्राला हात लावू न दिलेला बरा.

नवशिक्याने स्वतः किती करावे? माझ्या मते, प्लग काढून झाकण उघडणे, प्रत्येक तार सुटण्यापूर्वी छायाचित्र घेणे, धूळ मऊ कुंचल्याने झाडणे आणि खरखरणाऱ्या सरकपट्ट्यांत कॉन्टॅक्ट क्लीनर सोडणे, इतकेच. विजेचा पुरवठा करणाऱ्या भागाला हात लावू नये. तेथील मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ झटका देऊ शकतात. ते वयोमानाने सुकलेले असतात आणि बहुधा बदलावेच लागतात.

जिल्ह्यात जाणकार न मिळाल्यास मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो. सुट्या भागांची दुकाने तेथे आहेत. मात्र दुकानदार आणि दुरुस्ती करणारा हे वेगळे. कारागिराला सर्व्हिस मॅन्युअलची प्रत द्यावी आणि तो प्रथम सिरीज दिव्यावर यंत्र सुरू करतो का, हे विचारावे. जे भाग बदलेल, ते परत मागावेत. शेवटी यंत्र अर्धा तास तापू देऊन मगच सुरांची जुळणी करायला सांगावे. थंड यंत्रावर केलेली जुळणी टिकत नाही.

मांडव्याहून भाऊच्या धक्क्यापर्यंत रो-रो आहे. गाडीच्या मागील आसनावर, गादीत गुंडाळून वाद्य सुखरूप जाते. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, म्हणून काम मे महिन्यापूर्वी उरकावे. परतल्यावर प्लास्टिकऐवजी सुती आच्छादन घालावे, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि आषाढ-श्रावणात आठवड्यातून दोनदा तरी तासभर ते वाजवावे. आतील उबेने ओल हटते.