ऐंशी पैशांचं चिन्ह

वीजदराचे आदेश वाचायचा मला जुना नाद आहे. कुणी जुनी पंचांगं जपतं, मी वीज नियामक आयोगाची दरपत्रकं जपतो. कुठल्या तासाला वीज महाग आणि कुठल्या तासाला स्वस्त, हे सांगणारं त्यातलं कोष्टक म्हणजे मला मुहूर्ताचं पानच वाटतं.

मार्च २०२० च्या आदेशात उद्योगांसाठी सकाळी ९ ते १२ युनिटमागे ८० पैसे जास्त होते. संध्याकाळी ६ ते १० एक रुपया दहा पैसे जास्त, आणि रात्री १० ते सकाळी ६ दीड रुपयाची सूट. आता शेजारी नवं पान ठेवा. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर बसवलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ युनिटमागे ८० पैसे सूट मिळू लागली! गिऱ्हाईक वेगळं आहे, मान्य. पण तेच नऊ ते बारा, तेच ऐंशी पैसे, आणि अधिकाचं उणे झालेलं. हे पाहिलं तेव्हा मी चहा गार होऊ दिला.

कारण डोक्यावर तळपतंय. दुपारी सौर वीज भरपूर येते आणि दिवेलागणीला, नेमकी मागणी चढते तेव्हा, मावळते. बॅटरी महाग, पण गरम पाणीही साठाच की. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण एक युनिट लागतं. ते दुपारी तापवून ठेवलं, तर संध्याकाळचं एक युनिट वाचतं. न्यूझीलंडमध्ये १९५० च्या दशकापासून वीज कंपन्या तारांतूनच इशारा पाठवून घराघरांतली पाणी तापवणारी टाकी बंद-चालू करतात. ब्रिटनमध्ये रात्रीच्या स्वस्त विजेवर विटा तापवून दिवसा घर ऊबदार ठेवायचे. हे सारं आपल्याला नवं वाटू नये. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी घासून, हळदकुंकू लावून, भरून ठेवलेला तांब्याचा बंब आठवा. पहाटेच्या अभ्यंगाची तयारी आदल्या दिवशीच झालेली असायची. आता त्या पहाटे गल्लीतले सगळे गीझर एकदम लागतात.

आमच्या भिवंडी तालुक्यातलं दापोडे मात्र हा हिशोब बिघडवतं. दापोडे म्हणजे गोदामं, ट्रक, हमाल, पाळ्या. भिवंडीचं वीजवितरण २००७ पासून खासगी फ्रँचायझीकडे आहे, देशातला अशा प्रकारचा हा पहिला प्रयोग. दर मात्र आयोगाचेच. पण सवलत घ्यायची तर साठवायला भांडं हवं. इथल्या भाड्याच्या खोलीत गीझर कुठला? प्लास्टिकची बादली आणि तिच्या काठाला अडकवलेला रॉड. उघड्या बादलीतलं दुपारी तापवलेलं पाणी संध्याकाळपर्यंत कोमट होतं. आणि गीझर असला, तरी रोज एक युनिट दुपारकडे ढकलून ऐंशी पैशांच्या हिशोबाने महिन्याला मिळतात चोवीस रुपये. त्यासाठी कोण टायमर बसवणार? मला विचाराल तर, ग्राहकाच्या शहाणपणावर सोडण्यापेक्षा न्यूझीलंडसारखा कंपनीनेच इशारा द्यावा, आणि ऊब धरून ठेवणारं अस्तर असलेली टाकी हप्त्यावर द्यावी.

मी स्वतः एकदा दुपारी तीनला बादलीत रॉड लावला, वर परात झाकली, भोवती जुनी गोधडी गुंडाळली. रात्री नऊला हात घातला. अंघोळीला पुरेसं गरम होतं. गोधडी मात्र ओली झाली होती, आणि तिचा जाब मला दोन दिवस द्यावा लागला.