कडब्याची गंजी आणि सातबारा

मराठी ललित लेखनात पौष-माघ आला की हुरडा येतो. शेतात आगटी पेटते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसे भाजली जातात, पाहुणे शहरातून येतात. हे चित्र खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण ती आगटी काळ्या जमिनीच्या मालकाची आहे. त्याच माघात गायरानावरच्या घरात कोणता हिशेब चालतो, हे आपल्या लेखनात फारसे आलेले नाही. तो हिशेब कडब्याचा असतो. आणि कडब्याच्या हिशेबाखाली जमिनीच्या मालकीचा प्रश्न दडलेला असतो.

आमचे शेत कंधार आणि अहमदपूर या तालुक्यांच्या सीमेवर, बालाघाटच्या माळावर आहे. एक तालुका नांदेडचा, दुसरा लातूरचा. मुरूम मात्र दोन्हीकडे सारखाच. गायरान म्हणजे गावच्या जनावरांना चरण्यासाठी राखलेली सरकारी जमीन. १९७२ च्या दुष्काळानंतर वडिलांनी वस्तीतल्या इतरांबरोबर त्यातली तीन एकर फोडली. दगड वेचून बांध घातले. त्यामागे केवळ भूक नव्हती. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला होता, आणि पडीत जमीन कसणाऱ्याला मिळाली पाहिजे ही मागणी वस्तीवस्तीत पोचली होती.

एक गोष्ट इथे ध्यानात घेतली पाहिजे. मेलेल्या ढोराशी आमचा संबंध गावाने जोडून दिला होता. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी तो तोडायला सांगितले आणि आमच्या आज्या-पणज्यांनी उपास काढून तो तोडला. जिवंत बैलाशी संबंध मात्र आम्ही स्वतः जोडला. वडिलांनी पहिली लाल कंधारी जोडी दावणीला बांधली तेव्हा वस्तीतली माणसे नुसती बघायला आली होती, असे आई सांगते.

आता हिशेब पाहा. मध्यम बांध्याच्या बैलाला दिवसाला आठ-दहा किलो कोरडा चारा लागतो. माघ संपता संपता माळावरचे गवत सरते. नवे गवत मृगाच्या पावसानंतर. मधले चार महिने, म्हणजे एकशे वीस दिवस. एका जोडीला सुमारे दोन टन वैरण झाली. मुरमाड जमिनीत रब्बी ज्वारी येत नाही, कारण ओल धरून ठेवणारी खोल काळी माती तिला लागते. आमच्याकडे तूर येते, बरा पाऊस झाला तर थोडा हरभरा. त्यांची गुळी मिळते, पण गुळीवर जोडी निघत नाही. तुरीच्या तुराट्यांनी गोठ्याची भिंत होते, वैरण होत नाही.

म्हणून आई-वडील फाल्गुनात काळ्या रानात ज्वारी काढायला जात. रोख मजुरीऐवजी ते पेंढ्या मागत. ज्वारी मुळासकट उपटावी लागते; तळहाताला फोड येतात, ते फुटतात आणि त्याच हातांनी पुन्हा उपटावे लागते. संध्याकाळी डोक्यावर पाचुंदा यायचा, म्हणजे पाच पेंढ्या. अशा पाचुंद्यांनी आमची गंजी रचली जायची. मालकाशी बोलाचाली झाली की पेंढ्या बंद. निवडणुकीत कुणाच्या मागे उभे राहायचे, जयंतीची मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यायची, हे ठरवताना वस्तीतल्या माणसाला आपला दावणीचा बैल आठवायचा. आर्थिक गुलामगिरी हा शब्द मी कॉलेजात वाचला. त्याचा अर्थ मला गंजीपाशी आधीच कळला होता. पुढे रब्बी ज्वारीची जागा आक्रसत गेली, सोयाबीन आले, आणि मागायलाही कडबा कमी उरला.

शेळ्यांचे गणित वेगळे. आई गावातल्या एका घरची उस्मानाबादी शेळी अर्धलीने सांभाळायची : शेळी मालकाची, राखण आपली, करडे निम्मी-निम्मी. ही शेळी बऱ्याचदा जुळी देते. पण थंडीत व्याली की पहिल्या रात्रीच करडू गारठून जाऊ शकते. आई खाली राख पसरायची, करडाला गोणपाटात गुंडाळायची, तासाभरात चीक पाजायची. करडू मेले तर नुकसान निम्मे-निम्मे असे कागदावर दिसते; जागरण मात्र सगळे आईचे. माझी बी.ए.ची फी अशाच दोन बोकडांतून भरली गेली.

बैल थकला की पूर्वी बाजारात विकायचा, त्या पैशात भर घालून गोऱ्हा आणायचा. राज्यात गोवधबंदी १९७६ च्या कायद्याची. ४ मार्च २०१५ पासून तिच्यात बैल आणि वळूही आले. थकल्या बैलाची किंमत बसली. ज्याच्याकडे गंजी आहे तो बैलाला मरेपर्यंत पोसू शकतो. ज्याने ती फोड आलेल्या हातांनी आणली, त्याने काय करायचे? माझ्या भावाने आता जोडी ठेवलेली नाही. भाड्याच्या ट्रॅक्टरने तीन एकर नांगरून घेतो.

२०१४ च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली. आमचा काढणीला आलेला हरभरा शेतातच झोडपला, दोन करडे मेली. पंचनाम्याला माणसे आली आणि त्यांनी सातबारा मागितला. तो सरकारच्या नावाचा. गारा आमच्या हरभऱ्यावर पडल्या, पण कागदावर तिथे पीकच नव्हते.

वास्तविक ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने त्याच वर्षी घेतला होता. २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने ही मर्यादा १४ एप्रिल १९९० पर्यंत आणली. पण पुरावा कसणाऱ्याने द्यायचा : गाव नमुना १-ई मधली नोंद, दंडाची पावती. १९७८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये नामांतराच्या विरोधात दंगली पेटल्या आणि नांदेड जिल्ह्यात दलितांची घरे जळाली. ज्यांचे घरच राहिले नाही त्यांनी पावती कुठून आणायची? २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवायला सांगितले. शासकीय अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना वा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिलेला असल्यास अपवाद करता येईल, हेही त्याच निकालात आहे. पण पट्टाच हाती नसेल तर अपवाद कुणाच्या कामाचा?

गावातून एक आक्षेप येतो : गायरान तुम्ही फोडले, मग जनावरांनी चरायचे कुठे? आक्षेप टाळू नये. चराऊ माळ कमी झाला हे खरे, आणि त्याची झळ वस्तीतल्या शेळ्यांनाही बसते. पण दोन टन कडबा ज्याच्या अंगणात रचलेला आहे त्याचे जनावर गायरानावाचून मरत नाही. चराईचा कळवळा भूमिहीनालाच तेवढा ऐकवला जातो, हे तपासले पाहिजे.

कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे थोडे आहे. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या पेट्या उघडा. दंडाची पावती ही शिक्षेची खूण समजून कित्येकांनी फेकून दिली. तोच ताब्याचा पुरावा आहे. १-ई ची नक्कल मागा, त्यात कुणाकुणाची नावे आहेत ते वस्तीत मोठ्याने वाचून दाखवा. आमच्या वडिलांच्या पावत्या आईने दोन खणांत गुंडाळून ठेवल्या होत्या, म्हणून आमची फाईल निदान चालू आहे. शेजारच्या तिघांची नाही. त्यांच्याही शेतात यंदा हरभरा आहे, आणि माघाचे आभाळ भरून आले की तेही आमच्यासारखेच बांधावर येऊन उभे राहतात.