स्मृतीतील तबकडी

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. दल्ली-राजहराच्या खाणींतील लोहखनिज या भट्ट्यांत वितळून जो लोहरस बाहेर पडतो, त्याचे तापमान सुमारे १४०० ते १५०० अंश सेल्सिअस असते. हा रस मोठ्या लेडलमध्ये भरून रुळांवरून थेट पोलाद तयार करण्याच्या विभागाकडे नेतात. तिकडे त्याची गरज नसेल, तर तो साच्यांत ओतून त्याच्या लगडी पाडतात. लगड वर्षानुवर्षे आवारात पडून राहिली तरी चालते. पण तिच्यापासून पोलाद करायचे म्हटले, की ती पुन्हा वितळवावी लागते. याउलट लोहरस क्षणात उपयोगी पडतो, मात्र तो साठवून ठेवता येत नाही. उष्णता गेली की तो गोठला.

घरातील संगणकातही माहिती अशाच दोन अवस्थांत असते. हार्ड डिस्कवर ठेवलेली माहिती लगडीसारखी असते. वीज गेली तरी ती जागच्या जागी राहते. रॅम नावाच्या स्मृतीतील माहिती मात्र लोहरसासारखी असते. तेथे प्रत्येक खूण एका अतिसूक्ष्म धारित्रातील विद्युतभाराच्या रूपाने असते आणि हा भार सतत गळत असतो. म्हणून संगणक साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत एकदा तो पुन्हा भरून घेतो. वीज थांबली की हे भरणे थांबते आणि माहिती नाहीशी होते.

मग अशी अस्थिर स्मृती वापरायची कशासाठी? केवळ वेगासाठी. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी सुमारे ८ मिलिसेकंदांत पूर्ण होते. हवी ती जागा वाचकशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंद, थांबावे लागते. शीर्ष सरकवण्याचा वेळ वेगळाच. रॅममधील माहिती हाती येण्यास एका सेकंदाच्या एक कोटीव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. म्हणजे नुसती वाट पाहण्याचाच हिशेब केला तर चाळीस हजार पटींचा फरक पडतो. आता अनेक संगणकांत फिरत्या तबकडीऐवजी सॉलिड स्टेट ड्राइव्ह असते. तिच्यात फिरणारे काहीच नसल्यामुळे हे अंतर बरेच कमी झाले आहे. तरी रॅम पुढेच आहे.

रॅमचा काही भाग वेगळा काढून संगणकाला ‘ही एक डिस्क आहे’ असे भासवता येते. यालाच रॅम डिस्क म्हणतात. हे कोणतेही नवे यंत्र नव्हे. केवळ एका आज्ञावलीने केलेली ही व्यवस्था असते. पडद्यावर नेहमीच्या डिस्कशेजारी आणखी एक डिस्क दिसू लागते. तिच्यात फाइल ठेवता येतात, उघडता येतात, पुसता येतात. फरक इतकाच, की संगणक बंद केला की ती रिकामी होते.

ही कल्पना जुनी आहे. १९८४ मध्ये आलेल्या पीसी-डॉसच्या तिसऱ्या आवृत्तीत अशी डिस्क तयार करण्याची सोय होती. त्या काळी अनेक संगणकांना हार्ड डिस्कच नसे. ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीवरून आज्ञावली वाचताना पुष्कळ वेळ जाई; म्हणून ती एकदाच रॅम डिस्कवर उतरवून घेत. विंडोज ९८ ची आपत्कालीन फ्लॉपी संगणक सुरू करताना अशीच एक छोटी डिस्क स्मृतीत तयार करून दुरुस्तीची साधने तिच्यात उलगडत असे. पुढे पपी लिनक्ससारख्या प्रणालींनी तर सबंध कार्यप्रणालीच रॅममध्ये उतरवून घेण्याची सोय केली. ज्या जुन्या संगणकाची हार्ड डिस्क निकामी झाली आहे, तोही त्यामुळे पेन ड्राइव्हवरून सुरू करून वापरता येतो. ज्या घरात नवा संगणक घेणे परवडत नाही, त्या घराला हा उपयोग सर्वांत मोलाचा वाटावा.

आज घरी रॅम डिस्क कशासाठी वापरावी, याविषयी उत्साही मंडळी बरेच काही सांगतात. त्यातले सगळेच खरे मानू नये. ‘संगणक दसपट वेगवान होईल’ असे म्हणणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. आधुनिक कार्यप्रणाली नुकत्याच वापरलेल्या फाइल मोकळ्या रॅममध्ये आपोआपच राखून ठेवते. तीच फाइल दुसऱ्यांदा उघडताना ती बहुधा स्मृतीतूनच मिळते. त्यामुळे पत्र लिहिणे, हिशेब मांडणे अशा कामांत रॅम डिस्कने काहीच फरक पडत नाही. पेन ड्राइव्हवरून छायाचित्रे उतरवतानाही पेन ड्राइव्हचा संथपणा तसाच राहतो. ज्या कामात असंख्य तात्पुरत्या फाइल तयार होतात आणि लगेच पुसल्या जातात, तेथे मात्र फायदा होतो. मोठी संकुचित फाइल उलगडून तिच्यातील एखाद-दोनच कागद काढून घेणे, ध्वनिफितींचे रूपांतर करणे, इंटरनेट पाहताना ब्राउझर साठवतो ते तुकडे ठेवणे ही अशी कामे होत. हार्ड डिस्क जुनी असेल तर तिच्यावरचा ताणही त्यामुळे कमी होतो.

पण घरगुती वापरात वेगापेक्षा एक वेगळाच गुण अधिक उपयोगी ठरतो. तो म्हणजे विसरण्याचा. समजा, सुपेला भागातील एका घरी एकच संगणक आहे. घरची माणसे तो वापरतातच, शिवाय शेजारची मुलेही परीक्षेचे अर्ज भरायला येतात. ती आधार कार्ड, जातीचा दाखला, गुणपत्रिका स्कॅन करतात, अर्ज पाठवतात आणि निघून जातात. त्यांच्या कागदांच्या प्रती मात्र मागे राहतात. कोणी त्या पुसल्या तरी हार्ड डिस्कवरून पुसलेली फाइल पुष्कळदा परत मिळवता येते. दुसऱ्याचे ओळखपत्र कोणाच्या हाती पडले तर काय होऊ शकते, हे वेगळे सांगायला नको. अशा घरी स्कॅनरची प्रत थेट रॅम डिस्कवर उतरू द्यावी. संध्याकाळी संगणक पूर्ण बंद केला, की तिच्यावरचे सारे आपोआप नाहीसे होते.

येथे ‘पूर्ण बंद’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. संगणक केवळ झोपवला तर रॅमला वीज मिळतच राहते. ‘हायबरनेट’ केला तर रॅममधील मजकूर हार्ड डिस्कवर लिहिला जातो. रॅम अपुरी पडली तरीही कार्यप्रणाली तिच्यातील काही भाग डिस्कवर हलवते. शिवाय ज्या आज्ञावलीत कागद उघडला, ती कधी कधी आपली वेगळी प्रत अन्यत्र ठेवते. म्हणून रॅम डिस्कला तिजोरी समजू नये; खरोखर गोपनीय कागदांसाठी कूटबद्ध केलेली डिस्कच हवी.

रॅम डिस्क तयार करणे अवघड नाही. लिनक्समध्ये ‘टीएमपीएफएस’ नावाची सोय मुळातच असते. विंडोजमध्ये त्यासाठी वेगळी आज्ञावली बसवावी लागते. ‘आयएमडिस्क’ ही त्यांपैकी एक विनामूल्य आज्ञावली आहे. खरा प्रश्न आकाराचा असतो. ८ गिगाबाइट रॅम असलेल्या संगणकात कार्यप्रणाली आणि ब्राउझर मिळून सहज ४-५ गिगाबाइट व्यापतात. अशा वेळी १ गिगाबाइटची रॅम डिस्क पुरे. ५ मेगाबाइटची एक प्रत धरली तरी तिच्यात जवळजवळ २०० प्रती मावतात. हावरेपणाने ४ गिगाबाइट दिले, तर उरलेल्या रॅममध्ये कार्यप्रणालीची कोंडी होते, ती हार्ड डिस्ककडे धाव घेऊ लागते आणि ज्या वेगासाठी हा खटाटोप केला तोच हातचा जातो.

आणि वीज गेली तर? अर्ज भरण्याचा अखेरचा दिवस आहे, दोन तास खपून सर्व कागद एकत्र केले आहेत आणि ते सारे रॅम डिस्कवरच आहेत, अशा वेळी वीज गेली तर ते पुन्हा मिळवण्याचा कोणताही उपाय नाही. काही आज्ञावली संगणक बंद होताना रॅम डिस्कची प्रत हार्ड डिस्कवर लिहून ठेवतात. पण त्यासाठी संगणक रीतसर बंद व्हावा लागतो. वीज जाताना ती संधी देत नाही. तेव्हा ज्याची मूळ प्रत अन्यत्र आहे किंवा जे पुन्हा सहज तयार करता येईल, तेवढेच रॅम डिस्कवर ठेवावे. गुणपत्रिकेचा कागद हाती असेल तर ती पुन्हा स्कॅन करता येते. भरलेल्या अर्जाची आणि शुल्काच्या पावतीची फाइल मात्र तयार होताच अर्जदाराच्या पेन ड्राइव्हवर उतरवावी आणि तेथून एकदा उघडून पाहावी. मगच संगणक बंद करावा.