आठ दिवस, न थांबता

ऑकलंडहून तास-सव्वा तासावर पुकोरोकोरो मिरांडाचा किनारा आहे. मार्चमध्ये इथे ओहोटीच्या चिखलात लांब, जरा वर वळलेली चोच खुपसून पट्टेरी पाणटिवळे पोटभर खात असतात. नरांची छाती विटेसारखी लाल झालेली असते. माओरी लोक त्यांना 'कुआका' म्हणतात.

२००७ साली 'ई७' या मादीच्या पोटात उपग्रह-ट्रान्समीटर बसवला होता. ती मार्चमध्ये इथून निघाली आणि थेट चीनमधल्या यालू नदीच्या मुखाशी उतरली. मग अलास्का. परतताना मात्र सुमारे ११,६८० किलोमीटर, आठ दिवस, खाली समुद्रच समुद्र! पाणटिवळा पाण्यावर उतरून विसावा घेणारा पक्षी नव्हे, हे लक्षात घ्या.

या नोंदींमुळे एक गोष्ट लख्ख कळली: यालू जिथे मिळते त्या पीत समुद्राकाठचे, वाटेतल्या थांब्याचे चिखलपट्टे भराव घालून बुजवले, तर न्यूझीलंडने आपला किनारा कितीही जपला तरी कुआका वाचणार नाही. म्हणून २०१६ मध्ये न्यूझीलंडने चीनशी करार केला, आणि २०१९ मध्ये पीत समुद्राचा काही किनारा जागतिक वारसा ठरला.

आपल्या कोकणच्या खाड्यांतही हिवाळ्यात पाणटिवळे येतात. ओहोटीची वेळ बघून दुर्बीण घेऊन जाच!