कावेरीच्या भातपट्ट्यातील परसातील कोंबडी : पापनाशम परिसरातील संगोपन आणि लसीकरणाचा धडा

परसातील कुक्कुटपालन हा ग्रामीण कुटुंबाचा सर्वांत कमी भांडवलाचा पशुधन व्यवसाय होय. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील एकूण कुक्कुटसंख्या ८५.१८ कोटी असून त्यांपैकी ३१.७ कोटी पक्षी परसातील आहेत. २०१२ च्या तुलनेत परसातील पक्ष्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली. राज्यांमध्ये तामिळनाडू १२ कोटींहून अधिक पक्ष्यांसह अग्रस्थानी आहे. त्या राज्याचे नाव निघताच नामक्कलची मोठी अंडी-उत्पादन केंद्रे आठवतात. परंतु कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, घराघराच्या मागील अंगणात दहा-बारा गावठी कोंबड्या सांभाळण्याची रीत आजही टिकून आहे. तंजावर जिल्ह्यातील पापनाशम तालुका हा या प्रदेशाचा नमुनेदार भाग आहे. भातशेती, ओला हंगाम, कालव्यांचे जाळे आणि स्त्रियांच्या हातातील कोंबडीपालन या चारही बाबतींत त्याचे कोकणाशी व पूर्व विदर्भाशी साम्य असल्याने तेथील अनुभव मराठी विस्तार कार्यकर्त्यांना उपयुक्त ठरावा.

भाताच्या हंगामाशी बांधलेला दिनक्रम

तंजावर व कुंभकोणम् यांना जोडणाऱ्या लोहमार्गावर पापनाशम वसले आहे. तेथील पालैवननाथर मंदिराच्या आवारात नायक राजवटीतील विटांचे भव्य धान्यकोठार आजही उभे आहे. हा मुलूख भातावर किती अवलंबून आहे याची ती साक्ष होय. मेट्टूर धरणाचे पाणी परिपाठाप्रमाणे १२ जूनला सोडले जाते. त्यानंतर कुरुवै, सांबा आणि ताळडी असे भाताचे हंगाम येतात. सांबा व ताळडी भाताच्या उभ्या पिकातच, कापणीच्या थोडे आधी, उडीद किंवा मूग फेकून पेरण्याची पद्धत आहे.

या वेळापत्रकाचा कोंबडीच्या आहारावर थेट परिणाम होतो. कापणीनंतर खळ्यावर व शेतात सांडलेले दाणे मुबलक असतात, म्हणजे ऊर्जा भरपूर मिळते. परंतु जमीन कोरडी पडल्याने किडे व गांडुळे कमी होतात आणि प्रथिने अपुरी पडतात. पावसाळ्यात याच्या उलट घडते. किडे व कोवळे गवत भरपूर, पण दाणा दुर्मिळ. म्हणून वर्षभर एकच पूरक खाद्य देणे योग्य नाही. कोरड्या काळात वाळवी, अझोला, मासळीचे टाकाऊ भाग अशी प्रथिनयुक्त पूरके द्यावीत. ओल्या काळात तांदळाच्या कण्या व कोंडा द्यावा. प्रत्येक पक्ष्यास दिवसाला ३० ते ५० ग्रॅम पूरक खाद्य पुरते. अंड्यांवरील कोंबड्यांना शिंपल्यांची किंवा गोगलगायींच्या कवचांची भरड वेगळ्या भांड्यात ठेवावी.

वाळवी मिळविण्याची तेथील पद्धत सोपी आहे. जुन्या मडक्यात ओले बारदान, शेण व वाळलेली पाने भरून ते संध्याकाळी वारुळाजवळ किंवा वाळवी असलेल्या जमिनीवर पालथे घालतात. सकाळी मडके उचलून आत जमलेली वाळवी पिल्लांपुढे झटकतात. ऊन चढण्यापूर्वी मडके उचलणे आवश्यक असते.

परसातील कोंबड्यांची संख्या किती असावी, याचे उत्तर जागेपेक्षा परिसरातील फुकट खाद्यावर ठरते. आसपासच्या शेतांतून, उकिरड्यातून आणि स्वयंपाकघरातून जेवढे खाद्य मिळते तेवढ्यावर ठरावीक पक्षीच पोसले जातात. संख्या दुप्पट केली, तर अंडी दुप्पट होत नाहीत. प्रत्येक कोंबडी अर्धपोटी राहते.

शेतीशी होणारा संघर्षही ध्यानात घ्यावा. रोपवाटिका टाकल्यावर आणि उडीद-मूग पेरल्यावर काही दिवस कोंबड्या कोंडून ठेवाव्या लागतात. यामागे शेजाऱ्याशी सलोखा राखणे हे एक कारण, तर बुरशीनाशक लावलेले बियाणे आणि उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाइडचे आमिष हे दुसरे. दोन्ही कोंबडीस घातक आहेत. कीटकनाशक फवारणीनंतरही तीच दक्षता घ्यावी.

निवारा आणि पावसाची दिशा

त्रिभुज प्रदेशात मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांपासून पडतो. त्यामुळे खुराड्याचे दार त्या बाजूस न ठेवता दक्षिणेस किंवा पश्चिमेस ठेवणे सोयीचे. कोकणात पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. तेथे दिशा उलट धरावी. खुराडे जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच, बांबूच्या पट्ट्यांच्या तळाचे आणि नारळीच्या झापांच्या छपराचे असावे. तळातील फटींतून विष्ठा खाली पडते, तळ कोरडा राहतो आणि मुंगूस, साप व रानमांजर यांपासून रात्री संरक्षण मिळते. प्रत्येक मोठ्या पक्ष्यास किमान एक चौरस फूट जागा द्यावी.

दिवसाचा क्रम साधा आहे. सकाळी कोंबड्या सोडताना प्रत्येकीची चाल, पिसे व विष्ठा पाहावी. सुस्त पक्षी त्याच वेळी वेगळा काढावा. त्यानंतर स्वच्छ पाणी व मूठभर दाणे द्यावेत. उन्हाळ्यात दुपारी सावलीत मातीच्या भांड्यात थंड पाणी ठेवावे. तिन्हीसांजेला पुन्हा थोडे दाणे टाकले की कोंबड्या आपोआप घराकडे येतात व मोजणी होते. आठवड्यातून एकदा खुराड्याखालील विष्ठा काढून खताच्या खड्ड्यात टाकावी. उवा व पिसवांसाठी राखेची जागा कोपऱ्यात करून ठेवावी. कोंबड्या तेथे स्वतःच लोळतात.

खुडूक कोंबडी आणि पिल्लांचे पहिले आठ आठवडे

गावठी कोंबडी वर्षाला साधारण ४० ते ८० अंडी देते. सुधारित जाती त्याहून बऱ्याच अधिक देतात. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराज व ग्रामप्रिया, बंगळूरची गिरिराज आणि तामिळनाडू पशुवैद्यक व पशुविज्ञान विद्यापीठाच्या नंदनम् मालिकेतील कोंबड्या ही त्यांची उदाहरणे. मात्र सुधारित कोंबडी सहसा खुडूक होत नाही. प्रत्येक वेळी पिल्ले विकत आणावी लागतात. म्हणून काही गावठी कोंबड्या उबवणीसाठी राखून त्यांच्याखाली सुधारित जातीची फलित अंडी बसविणे हा मधला मार्ग ठरतो.

एका कोंबडीखाली १० ते १२ अंडी ठेवावीत. अंडी आठवड्याहून जुनी नसावीत. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा अधिक साठवू नयेत. ती सावलीत, ओलसर वाळूवर ठेवलेल्या भांड्यात रुंद टोक वर करून ठेवावीत. सातव्या दिवशी अंधारात विजेरीच्या प्रकाशासमोर धरून वांझ अंडी काढून टाकावीत. २१ व्या दिवशी पिल्ले बाहेर येतात.

खरे नुकसान यानंतर होते. परसातील पिल्लांची बहुतांश मरतूक पहिल्या आठ आठवड्यांत होते. कावळा, घार, मुंगूस, थंड पाऊस आणि उपासमार ही त्याची कारणे. तामिळ घरांत ‘पंजारम्’ नावाची घुमटाकार बांबूची डाल असते. आपल्याकडील डालग्याचेच ते रूप. पहिले तीन-चार आठवडे आई व पिल्ले अशा डालीखाली ठेवून त्यांना भरडलेले धान्य व पाणी दिले, तर मरतूक लक्षणीय घटते. विकत आणलेल्या पिल्लांना आई नसल्याने पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस उष्णता द्यावी व पुढे दर आठवड्यास सुमारे तीन अंशांनी कमी करावी. भाताच्या तुसाच्या गादीवर पहिले काही दिवस वर्तमानपत्र अंथरावे, नाहीतर पिल्ले तूसच खातात. गादी ओली राहिल्यास तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत रक्ती हगवण उद्भवते.

उबवणीची वेळ बाजाराकडे पाहून ठरविता येते. तामिळ आडी महिन्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या सुमारास, ग्रामदेवतांच्या उत्सवांमुळे गावठी कोंबड्यांना मागणी असते. त्यानंतर सप्टेंबर-ऑक्टोबरमधील पुरट्टासी महिन्यात अनेक कुटुंबे मांसाहार वर्ज्य करतात. आपल्याकडील श्रावणासारखाच हा काळ. पुढे दिवाळीला मागणी पुन्हा वाढते. जानेवारीत पोंगलच्या सुमारास अंडी बसविली, तर फेब्रुवारीतील कोरड्या हवेत पिल्ले निघतात, कापणीचे दाणे त्यांना मिळतात आणि आडीपर्यंत नर साडेपाच-सहा महिन्यांचे होतात. आपल्या गावची जत्रा, श्रावण व गटारी यांचा असाच हिशेब प्रत्येक कोंबडीपालकास मांडता येईल.

शंभर मात्रांची कुपी आणि दहा कोंबड्यांचे घर

वर्षभराची ही मेहनत दोन-तीन दिवसांत संपविणारा रोग म्हणजे मानमोडी अर्थात राणीखेत. मराठीतील नाव मान वाकडी होण्यावरून, तर तामिळमधील ‘वेळ्ळै कळिच्चल’ हे नाव पांढरट हगवणीवरून पडले आहे; दोन्ही लक्षणे याच रोगाची. याशिवाय धाप लागणे, पंख गळणे व हिरवट विष्ठा ही लक्षणे दिसतात. लस न दिलेल्या कळपात अर्ध्याहून अधिक, प्रसंगी सर्व पक्षी मरतात. यावर उपचार नाही. लसीकरण हाच उपाय.

सर्वसाधारण वेळापत्रक असे आहे :
• ५ ते ७ दिवस : लासोटा किंवा एफ-१ लस, डोळ्यात वा नाकात एक थेंब.
• २८ ते ३० दिवस : लासोटाची दुसरी मात्रा.
• सहावा आठवडा : देवीची लस, पंखाच्या पडद्यात. या रोगाचा प्रसार डासांमार्फत होत असल्याने भातपट्ट्यात ती विशेष महत्त्वाची.
• ८ ते १० आठवडे : आर-टू-बी लस, कातडीखाली ०.५ मिलि, त्यानंतर दर सहा महिन्यांनी. आधी आठवडाभर जंतनाशक द्यावे.

आर-टू-बी लस आठ आठवड्यांखालील पिल्लांना कदापि देऊ नये. तिच्यामुळेच त्यांना रोग होऊ शकतो. आजारी पक्ष्यांनाही ती देऊ नये.

वेळापत्रक माहीत असूनही गावात लस का पोहोचत नाही, हा विस्तार कार्यकर्त्यांपुढील खरा प्रश्न आहे. लसीची लहान कुपीही साधारणतः १०० मात्रांची असते. ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते आणि मिसळल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते. ज्या घरी दहा कोंबड्या आहेत, त्या घरासाठी कुपी फोडली तर नव्वद मात्रा वाया जातात. त्यामुळे एकट्या घरासाठी कोणी लस आणत नाही आणि लस नसल्याने रोग एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जात राहतो.

तामिळनाडूचे पशुसंवर्धन खाते दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात परसातील कोंबड्यांसाठी राणीखेत लसीकरणाची मोहीम घेते. तिचा लाभ मोठा आहे. परंतु मार्चनंतर निघालेल्या पिल्लांना या मोहिमेचे संरक्षण मिळत नाही, आणि परसात पिल्ले वर्षभर निघत असतात. म्हणून वार्षिक मोहिमेला गावपातळीवरील मासिक लसदिनाची जोड देणे आवश्यक ठरते.

या अडचणीवर एक शास्त्रीय उत्तर ऑस्ट्रेलियातून आले. १९६६ मध्ये क्वीन्सलँडमधील निरोगी कोंबड्यांत व्ही-४ हा निरुपद्रवी विषाणू आढळला. त्यातून उष्णता सहन करणारी लस तयार करण्यात आली. पुढे क्वीन्सलँड विद्यापीठात पीटर स्प्रॅडब्रो यांनी ऑस्ट्रेलियन आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राच्या साहाय्याने आय-२ हा वाण विकसित केला व विकसनशील देशांना स्थानिक उत्पादनासाठी उपलब्ध करून दिला. मोझांबिक, टांझानिया व व्हिएतनाम येथे तो खेड्यांतील कोंबड्यांसाठी वापरला गेला. याच दिशेने तामिळनाडू पशुवैद्यक व पशुविज्ञान विद्यापीठाने डी-५८ वाणाची, तोंडावाटे खाद्यासारखी देता येणारी गोळीरूप लस तयार केली. कोंबड्या पकडण्याचा त्रास त्यामुळे वाचतो. अशा लशी जेथे मिळतात तेथे त्यांचा वापर जाणकार पशुवैद्यकाच्या सल्ल्याने करावा.

तंजावर जिल्ह्यात ओरत्तनाडू येथे २०१२ पासून याच विद्यापीठाचे पशुवैद्यक महाविद्यालय कार्यरत असल्याने पापनाशम परिसरास तज्ज्ञ सल्ला जिल्ह्यातच मिळतो. तंजावरच्या भूमीला पशुचिकित्सेची परंपराही आहे. मराठा राजे सरफोजी दुसरे यांच्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधे तयार होत. वनौषधींचे हे ज्ञान आजही उपयोगी आहे. देवीच्या फोडांवर हळद व कडुनिंबाचा लेप लावता येतो. तथापि मानमोडीवर कोणतेही औषध लसीला पर्याय नाही, हे कोंबडीपालकांना स्पष्टपणे सांगावे.

रोग आल्यावर

रोगाची चाहूल लागताच उरलेले पक्षी घाईने बाजारात नेण्याची प्रवृत्ती असते. त्यामुळेच रोग पुढील गावांत पोहोचतो. मेलेले पक्षी कालव्यात टाकणे हे त्रिभुज प्रदेशात विशेष धोक्याचे, कारण तेच पाणी खालच्या गावांतील कोंबड्या पितात. मृत पक्षी पाण्यापासून दूर, उंच जागी, चुना टाकून खोल पुरावेत. बाजारातून आणलेला नवा पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा. कापणीनंतर भातखाचरांत चरण्यास येणाऱ्या बदकांच्या फिरत्या कळपांपासूनही कोंबड्या दूर ठेवाव्यात. बदके स्वतः आजारी न दिसता विषाणू वाहून नेऊ शकतात.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी कार्यवाही

परसातील कोंबडी सांभाळणारी व्यक्ती बहुधा घरातील स्त्री असते. लसीकरणाची सूचना मात्र अनेकदा पुरुषांच्या बैठकीत दिली जाते. म्हणून निरोप बचत गटामार्फत जावा. आठ-दहा शेजारी घरांचा एक लसगट करावा, महिन्यातील एक दिवस ठरवावा आणि आदल्या रात्री सर्वांनी कोंबड्या न सोडता खुराड्यातच ठेवाव्यात. सकाळी लवकर बर्फाच्या डब्यातून एक कुपी आणून एका तासात सर्व घरांचे काम उरकता येते. खर्च घरोघरी वाटला गेल्याने तो नगण्य होतो. महाराष्ट्रात ‘उमेद’ अभियानातील पशुसखी हे काम समर्थपणे करू शकतात. त्यांना थेंब देण्याचे, शीतपेटी वापरण्याचे व नोंदवही ठेवण्याचे प्रशिक्षण द्यावे.

नोंदवहीत घर, पक्ष्यांची संख्या, दिलेली लस, तारीख आणि मागील महिन्यातील मरतूक एवढ्याच बाबी असाव्यात. सहा महिन्यांच्या नोंदी गटापुढे वाचून दाखविल्यास लसीचा परिणाम कुटुंबांना स्वतःच्या आकड्यांतून दिसतो आणि पुढील लसदिनास उपस्थिती वाढते.